निळ्या लाइनवरचा हीटर

हिशोब अगदी सरळ होता. सर्व्हर रूमची तपासणी बिनबोभाट पार पडली, की तिची उमेदवारी संपणार आणि कायम नोकरीची ऑर्डर हातात पडणार. ती आली होती तपासायला, जीव लावायला नव्हे.

पहिल्या सकाळी तिनं रॅकचं मागचं दार उघडलं आणि किंचाळलीच. आत तोंडात टॉर्च धरलेला तंत्रज्ञ!

"घाबरवलंत हो!"

त्यानं टॉर्च तोंडातून काढला. "मी? मी रोज इथेच असतो, मॅडम. दचकवलंत तुम्ही." टॉर्च उचलून त्यानं आत उजेड पाडला. "ही बॅकप्लेन. सर्व्हरची पाठच म्हणा. हिच्यात दोन पॉवर सप्लाय बसतात. एकाची वायर विजेच्या लाल लाइनला, दुसऱ्याची निळ्या. एक गेला तर दुसरा सगळा भार उचलतो. हिला पत्ताही लागत नाही."

"भाग्यवान आहे. आमच्या पाठीशी एकसुद्धा नाही."

"जागा रिकामी आहे तर… अर्ज कुठे करायचा?"

तिनं मान खाली घातली – आणि तपासणीच्या यादीतल्या एकाच चौकोनात दोनदा खूण केली.

खोलीत गारठा असा, की पेन धरवेना. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या खुर्चीखाली पाय शेकायचा छोटा हीटर आणून ठेवला.

"कुठे लावलात?"

"लावला कुठेतरी. ऊब घ्या, चौकशा नकोत."

ती हसली. तिथेच घोटाळा झाला.

दुपारी शेवटची चाचणी: लाल लाइन बंद केली, तरी सर्व्हर निळीवर चालू राहायला हवा. तिचे साहेब दारात उभे. तिनं लाल लाइनचा खटका खाली ओढला आणि…

घरघर थांबली. सर्व्हरचे दिवे गेले, एकूण एक. दोनशे माणसांचं काम जागच्या जागी गोठलं.

तिच्या पायाशी हीटर मात्र लालबुंद.

तिनं वाकून पाहिलं. निळ्या लाइनवर हीटर. आणि सर्व्हरची निळी वायर? लाल लाइनवर, लाल वायरीच्या शेजारी, गुण्यागोविंदानं.

"हे… तुम्ही केलंत?"

"हीटरची वायर आखूड, निळ्या लाइनच्या सॉकेटपर्यंतच पोचत होती. चाचणीआधी परत लावणार होतो. मग तुम्ही हसलात… आणि विसरलो."

"अक्कल गहाण टाकली होती का?"

"तुमचे ओठ काळेनिळे पडले होते."

तिनं स्वतःचे ओठ चाचपले. साहेब खाकरले. "वायर लावा, पुन्हा चाचणी घ्या, पहिली झालीच नाही समजा. सगळ्यांचंच भलं."

"नको," तो पुटपुटला. "माझी चूक लिहा."

तिनं लिहिलं: चाचणी नापास. कारण – तपासनिसासाठी लावलेला हीटर. तपासनिसानं तो कुठे लावलाय हे पाहिलं नाही.

त्यानं वाकून ते वाचलं. "ऑर्डर जाईल तुमची!"

"एकावरच सगळा भार टाकायचा, तर दोन कशाला हवेत?"

"म्हणजे… माझा अर्ज?"

"मंजूर. आधी ती वायर लाव, शहाण्या!"

सर्व्हर नऊ मिनिटं बंद होता. तंत्रज्ञाला लेखी ताकीद मिळाली, तिची उमेदवारी सहा महिने लांबली. चुकीचं मोल भरलं दोघांनी, निम्मं निम्मं. हीटरला कुणी जाबही विचारला नाही. क्षणभरसुद्धा बंद न पडलेला त्या खोलीत तोच एकटा.