चिऊची खोली

ऑटोत आडवं घालून आणलेलं टीव्हीचं खोकं दारात उतरलं, तेव्हा गुणाबाईनं आधी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मगच ते फोडू दिलं. टीव्ही आणला होता हरिओमनं, तिच्या धाकट्या लेकानं. तो लातूरला नोकरीला. निमित्त होतं थोरल्या लेकीचं, ऋतुजाचं. ती सातव्या महिन्यातच भोकरहून, सासरहून, मुखेडला माहेरी आली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पडून राहायचं. दिवसभर पडून राहून माणसानं करायचं काय, हे डॉक्टर सांगत नाहीत.

बजावण्याला कारण होतं. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात बाळ पोटातच निपचित झालं होतं. ते रडलं नाही, म्हणून त्याचं बारसं नाही, नाव नाही, दहावंही नाही. भोकरच्या वावरात, बांधाच्या कडेला, त्या लहानशा खड्ड्यात गुणाबाईनं स्वतःच्या हातानं मिठाच्या मुठी टाकल्या होत्या. ऋतुजा तेव्हा शुद्धीवर नव्हती. तिनं लेकरू पाहिलंसुद्धा नाही. ही खेप तरी सुखरूप पार पडावी, एवढंच घरातल्या सगळ्यांचं मागणं होतं, आणि ते कुणीच तोंडानं बोलत नव्हतं.

हरिओमनं टीव्ही भिंतीला टांगला, नेटची तार खिडकीतून आत घेतली आणि तो रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर हुडकत पासवर्ड घालत बसला. पुन्हा पुन्हा चुकला. रामकिशन, गुणाबाईचा नवरा, दिवाणावर पाय पसरून बघत होता.

"एवढ्यात माझं अर्धं वावर कोळपून झालं असतं," तो म्हणाला.

शेवटी एकदाचा पडदा उजळला आणि त्यावर मराठीत प्रश्न आला, कोण बघणार आहे?

"माय, ह्या आपल्या खोल्या समज," हरिओम सांगू लागला. "ज्यानं त्यानं आपल्या खोलीत बसून बघायचं. तू मालिका जिथं सोडशील, तिथं खाली लाल रेघ राहती. उद्या तिथूनच फुडं."

"म्हंजे मला सोडून कुनी फुडचं बघनार न्हाई?"

सगळे हसले. गुणाबाईचं हे जुनं दुखणं होतं. ती भाकरी थापून येईस्तोवर बापलेक पुढचं बघून मोकळे होत आणि तिला अर्धं कळत नसे. "मला सोडून फुडं जाऊ नका," हे वाक्य त्या घरात इतकं झिजलं होतं की आता ते कुणाला ऐकूही येत नसे.

खोल्या पाचच मिळत होत्या. बाबाची झाली, मायची झाली, अक्काची झाली, हरिओमनं स्वतःची केली. एक उरली.

"ही आपल्या पाव्हन्याला," तो ऋतुजाच्या पोटाकडं बघत म्हणाला. "लहान लेकरांची येगळी खोली असती ह्याच्यात. काय नाव टाकू, अक्का?"

गुणाबाईचा हात पदरावर थबकला. "हरी, राहू दे ते. लेकरू यायच्या आधी घरात पाळना बांधीत न्हाईत."

"माय, हे टीव्हीत हाय. पाळना थोडाच हाय?"

ऋतुजानं त्याच्या हातातून रिमोट घेतला. कुणाकडं न बघता तिनं सावकाश दोनच अक्षरं टाकली. चिऊ.

पहिलं बाळ पोटात असताना ऋतुजा त्याला चिऊच म्हणायची. गुणाबाईच्या मनात आलं, की म्हणावं, त्या नावाला हाक मारू नको गं. पण लेकीचा चेहरा बघून तिला ते बोलवलं नाही. कुठंतरी त्या लेकराचं नाव लिहिलं जावं, एवढंच लेकीला हवं होतं, आणि आईला ते कळत होतं.

हरिओम लातूरला परत गेला. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. दुपारी भांडी आवरली की गुणाबाई आपल्या खोलीत शिरायची, मालिका बघायची, झोप आली की तिथंच सोडायची. दुसऱ्या दिवशी लाल रेघ तिची वाट बघत असायची. ह्या गोष्टीचं तिला भारी कौतुक वाटे.

एके दुपारी बोट चुकलं आणि चिऊची खोली उघडली. आत बदकाच्या पिलांचं एक कार्टून होतं आणि त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढी लाल रेघ.

"तू बघितलंस का गं?" तिनं ऋतुजाला विचारलं.

"मी कशाला बघू?"

रामकिशनला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला टीव्ही बंदसुद्धा करता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी डीपी जळाली आणि सकाळपासून सगळ्या गल्लीची लाइट गेली. दिवस मावळताना लाइट आली, तेव्हा गुणाबाईनं आधी देवापुढं दिवा लावला आणि मग टीव्ही. रेघ पुढं सरकली होती.

तिनं हरिओमला फोन लावला. तो हसला. विष्णुपुरीच्या एका मित्राला पासवर्ड दिला होता, त्याचीच पोरं बघत असतील, म्हणाला. त्यानं तिथूनच पासवर्ड बदलून टाकला. गुणाबाईच्या जिवात जीव आला. पण तो धीर त्याच आठवड्यात पुन्हा गेला.

ऋतुजाला आठवा लागला होता. तिन्हीसांजेला गुणाबाई अंगणातले कपडे घेऊन आत आली, तर टीव्ही चालू होता. आवाज अगदी बारीक. पडद्यावर बदकाची पिलं रांगेनं चालली होती आणि समोरच्या दिवाणावर कुणी नव्हतं. चादर मात्र एका जागी दबलेली होती, उशीएवढ्या जागेत. खोलीत वास येत होता. ओल्या मातीचा, आणि त्याच्या तळाशी मिठाचा. तो वास गुणाबाई जन्मात विसरली नसती. तिच्या हातातले कपडे खाली पडले. तिनं चाचपडत रिमोट उचलला.

"बंद नको करू, माय…" आतल्या खोलीतून ऋतुजाचा आवाज आला. झोपाळू, हळू. "ते चालू असलं की बाळ हलायलंय. येरवी गपच ऱ्हातं."

"कवापासून?"

"लई दिवस झाले… तुला भ्या वाटंल म्हनून बोलले न्हाई."

त्या रात्री गुणाबाईचा डोळा लागला नाही. गेलेलं लेकरू मागच्याला बोलावून घेतं, असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. हे लेकरू नाही नेऊ द्यायचं, तिनं मनाशी ठरवलं. सकाळी ऋतुजा न्हाणीत गेली, तशी तिनं हरिओमला फोन करून खोली कशी मोडायची ते विचारून घेतलं. पेन्सिलीचं चित्र, मग कचऱ्याच्या डब्याचं. नक्की काढायची का, असं पडद्यानं विचारलं. गुणाबाईनं डोळे मिटले आणि बटण दाबलं. चिऊ गेली. घर एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि तिनं कितीतरी दिवसांनी पोटभर चहा घेतला.

दुपारी ऋतुजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओठ पांढरे.

"माय… सकाळपासून हललं न्हाई."

रामकिशन जीप आणायला चपला न घालताच पळाला. नांदेड जवळ नव्हतं. गुणाबाईनं लेकीला कॉटवर डाव्या कुशीला निजवलं, पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं गप होतं. असंच गप्प पोट तिनं एकदा भोकरला हातानं बघितलं होतं. तिला सगळं कळलं. ती उगाच त्या लेकराला भ्याली होती; ते न्यायला नव्हे, राखायला आलं होतं.

ती बाहेरच्या खोलीत धावली. बाण भलतीकडंच पळत होता. नवीन खोली. लहान मुलांची. चि. मग ऊ सापडेना. "थांब गं बाई… थांब…" ती पुटपुटत होती. ऊ सापडला. तिनं बटण दाबलं.

नव्या खोलीत काही नसायला हवं होतं. तिथं बदकाची पिलं होती, आणि खाली लाल रेघ, सोडली होती तिथंच. पिलं आपोआप चालू लागली. आतून ऋतुजाचा हुंदका आला.

"हललं… माय, हललं."

नांदेडला दवाखान्यात मुलगी झाली. जन्मताच खणखणीत रडली. तो आवाज ऐकून गुणाबाई व्हरांड्यातल्या फरशीवरच बसली आणि तिनं पदरात तोंड घालून रडून घेतलं. बारसं मुखेडला झालं. पाळण्याखालून पाळण्यावरून लेकरू फिरवलं, कानात नाव सांगितलं, रेणुका. घुगऱ्या वाटल्या. पाव्हणे पांगल्यावर हरिओमनं रिमोट हातात घेतला.

"आता भाचीची खोली करू." मग तो थांबला. "पाच झाल्यात की. सहावी बसत न्हाई. ही चिऊची काढतो."

गुणाबाईनं त्याचं मनगट धरलं. ऋतुजानं मान वर केली. तिनं बाळाला छातीशी घट्ट घेतलं.

"तिला हात लावायचा न्हाई," गुणाबाई म्हणाली. "माझी काढ."

"तुझी कशाला, माय? माझी काढतो ना."

"तुला उद्या लगीन करायचंय. बाबाला अजून पेरायचंय. माझी काढ म्हनलं ना."

हरिओमला तो विनोद वाटला. त्यानं पेन्सिलीचं चित्र दाबलं, मग डब्याचं. पडद्यानं विचारलं, नक्की का? तो दाबणार, तोच गुणाबाईनं रिमोट घेतला आणि शेवटचं बटण स्वतः दाबलं. तिच्या खोलीच्या जागी रेणुका आली.

संध्याकाळी घर शांत झालं. आत मायलेकी निजल्या होत्या, पाळण्याची दोरी हळू करकरत होती. गुणाबाईला दुपारपासून डाव्या खांद्यात जड जड वाटत होतं. दगदग झाली असेल, असं म्हणून ती दिवाणावर टेकली आणि तिनं सहज टीव्ही लावला. तिची खोली तर राहिली नव्हती. तिनं चिऊची उघडली.

बदकाच्या पिलांची रेघ शेवटपर्यंत भरली होती. आणि त्याच्या शेजारी, लेकरांच्या त्या खोलीत, तिची मालिका होती. मालिकेतली सून दाराच्या कडीला हात घालते, तिथं तिनं ती सोडली होती. रेघ त्याच्या पुढं गेली होती. ती बघता बघता आणखी केसभर सरकली.

शेजारी चादर दबली. ओल्या मातीचा वास आला, पण ह्या वेळी गुणाबाई उठली नाही. तिनं पदर सारखा केला आणि त्या दबलेल्या जागेकडं न बघता ती हळूच म्हणाली,

"बघ बाई… पन मला सोडून फुडं जाऊ नको."

रेघ सरकायची थांबली.