कोवळे कान

चाचणीकक्षाच्या काचेपलीकडून डॉ. हेमांगी सरपोतदार यांनी पियानोची एक साधी सुरावट लावली. आत बसलेल्या ब्रिजेट लोपीसने ती थोडा वेळ ऐकली आणि डोळे मिटून घेतले.

"काय ऐकू आलं?"

"पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खिळे हलवतंय."

वसईतल्या घरी, पुढच्या खोलीत ब्रिजेट पियानोची शिकवणी घेत असे. निम्म्या गावाची मुलं तिच्या हाताखालून गेली होती. मग मेंदूज्वर आला आणि आठवड्याभरात दोन्ही कान घेऊन गेला. सरपोतदारबाईंनी तिच्या कानांत प्रकाशश्रवणी बसवली. हे यंत्र आवाजाचे सूक्ष्म प्रकाशठिपके करून थेट श्रवणतंतूंवर पाडत असे. तिला बोलणं पुन्हा समजू लागलं, नवऱ्याचा, आग्नेलचा आवाज ओळखू येऊ लागला. संगीत मात्र परतलं नाही. विद्यार्थी एकेक करून दुसरीकडे गेले. उरली फक्त ऋजुता वर्तक. ती संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती आणि "मिस, मी दुसरीकडे जाणार नाही" म्हणून हटून बसली होती.

"यंत्रात दोष नाही," सरपोतदारबाई आत येऊन म्हणाल्या. "सगळे स्वर मेंदूपर्यंत पोचतात, पण नव्या लिपीत. बोलणं मेंदू अंदाजाने लावून घेतो. संगीतात अंदाज चालत नाही. आणि ही लिपी नव्याने शिकण्याचं तुमच्या मेंदूचं वय उलटून गेलंय."

"मग ते वय कुठलं?"

"अगदी लहानपणीचं. तेव्हा श्रवणकेंद्र कोवळं असतं. कानावर जे पडतं त्यावरून ते स्वतःला घडवतं. पुढे मेंदू त्यावर ब्रेक लावतो, नाहीतर माणूस रोज नव्याने घडत बसेल. आमचं नवं औषध, पुनर्कोवळी, हे ब्रेक काही आठवडे सैल करतं."

"मला द्या."

"आधी ऐकून घ्या. कोवळा मेंदू पारख करत नाही. बाळ कधी म्हणतं का, की आई चुकीचं बोलतेय? जे ऐकू येईल तेच बरोबर, असं तो धरून चालतो. औषध थांबलं की ते कायमचं पक्कं होतं. आणि दुसऱ्यांदा देता येत नाही. प्रयोगातल्या प्राण्यांना दुसऱ्यांदा दिलं तेव्हा त्यांना झटके सुरू झाले, ते थांबलेच नाहीत."

"डॉक्टर, मी रोज सकाळी उठते आणि पियानोवरची धूळ पुसते," ब्रिजेट म्हणाली. "एवढंच काम उरलंय मला. यापेक्षा वाईट काय होणार आहे?"

औषध सुरू झालं आणि शिकवणी उलटी झाली. ऋजुता कॉलेज सुटलं की येई, पियानोवर एकेक पट्टी दाबी आणि तिचं नाव सांगे. ब्रिजेट शेजारी बसून लहान पोरीसारखी तिच्यामागून म्हणे. बाकीचा दिवस ती स्वतःच वाजवत राही. जेवणाचं ताट आग्नेल पियानोजवळ आणून ठेवी आणि तसंच उचलून नेई. सुरुवातीला खिळेच वाजत राहिले. रात्री तो तिच्या पाठीवरून हात फिरवी आणि ती म्हणे, "नाही होणार रे हे. मेले मी."

मग एका दुपारी दोन खिळे वेगळे झाले. दुसऱ्या दिवशी आणखी काही. आणि औषध संपत आलं तेव्हा ऋजुताने परीक्षेची रचना सलग वाजवली, तर ब्रिजेट उठून थेट मागल्या अंगणात गेली आणि पदर तोंडावर धरून रडली. सगळं परत आलं होतं, पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

परीक्षेआधी मुंबईच्या सभागृहात सराव ठेवलेला होता. ब्रिजेट ऋजुताबरोबर गेली, पहिल्या रांगेत बसली. ऋजुताने सुरुवात केली आणि चार-दोन स्वरांतच ब्रिजेट ताडकन उभी राहिली.

"थांब! हा पियानो बिघडलाय. सगळा बेसूर आहे!"

सराव ऐकायला आलेले परीक्षक उठले. त्यांनी स्वरमापक लावून पियानोची पट्टी न् पट्टी तपासली. "बाई, कालच सुरात लावलाय," ते शांतपणे म्हणाले. "बिनचूक आहे."

शेजारच्या खोलीतला दुसरा पियानोही ब्रिजेटला तसाच लागला. घरी परतल्यावर तिने सगळ्या तबकड्या लावून पाहिल्या. चर्चमधलं गाणंही तसंच, कुणीतरी मुद्दाम वाकडं गावं तसं. स्वतःच्या पियानोवर बोट ठेवलं की मात्र सगळं जागच्या जागी.

आग्नेलने फोन लावला. सरपोतदारबाईंनी एकच प्रश्न विचारला. "तुमचा घरचा पियानो शेवटचा सुरात कधी लावला होता?"

आग्नेलने पियानोकडे पाहिलं. "ती आजारी पडायच्या आधी. दरवर्षी तीच सांगायची, सूर उतरलाय, माणूस बोलव. यंदा तिला ऐकूच येत नव्हतं. मला काय कळतंय त्यातलं?"

समुद्राच्या दमट हवेत तारा सैल पडल्या होत्या, कुठे कमी, कुठे जास्त. ऋजुताला ते खटकलं होतं. पण मिसना दुखवायचं नाही म्हणून ती गप्प बसली होती.

"आता तोच पियानो माझ्यासाठी खरा?" ब्रिजेटने फोन हातात घेऊन विचारलं.

"हो. जगात तेवढा एकच."

"मग मी तो असाच ठेवीन. कुणाला हात लावू देणार नाही."

"ब्रिजेट," सरपोतदारबाईंचा आवाज खाली आला, "तारा अजून उतरतच राहणार. तुमचे कान आता होते तिथेच थांबलेत. पियानो थांबणार नाही."

ती दोन दिवस पियानोसमोरून उठली नाही. वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मधल्या सप्तकातला एक स्वर किंचित खाली लागल्यासारखा वाटला. तिने तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, मग झाकण बंद केलं आणि आग्नेलला म्हणाली, "सुरात लावणाऱ्या माणसाला बोलव. पोरीची परीक्षा आहे."

तो माणूस तारा ताणत होता तोवर ती स्वयंपाकघरात उभी होती. एकेक स्वर वाकडा होत गेलेला तिला तिथपर्यंत ऐकू येत होता. प्रकाशश्रवणीचा कानामागचा तुकडा काढून ठेवायला हात दोनदा कानाकडे गेला आणि मागे आला.

संध्याकाळी ऋजुता आली. "मिस, तुम्ही आत बसा. मी एकटी करते सराव."

"वाजव."

ऋजुताने वाजवलं. ब्रिजेटने दात आवळून, खुर्चीची कड धरून शेवटपर्यंत ऐकलं. सूर एकही ओळखीचा नव्हता. पण लय ओळखीची होती.

"पुन्हा," ती म्हणाली. "डावा हात मागे राहतोय."