उलटा प्रश्न

मिरजेच्या मज्जासंशोधन केंद्रात विश्राम नाडगौडा आठ महिने निश्चल पडून होते. पापणीसुद्धा हलत नव्हती. कान मात्र शाबूत होते, आणि कपाळावरच्या पट्टीतून मेंदू वाचणारं मनोवाचक यंत्र त्यांच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ बोलत असे. आज त्यांचं श्वासयंत्र काढण्याचा संमतिलेख साक्षांकित करायला नोटरी शालिनी वाळिंबे आल्या होत्या.

शालिनीताईंची पस्तीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी शिक्के मारण्यात गेली होती. ताकही फुंकून पिणारी बाई. यंत्र चुकलं तर कळणार कसं, असं त्यांनी डॉक्टर अन्वर तांबोळींना आधीच विचारलं.

“मेंदूच सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “यंत्र भलतंच बोललं की मेंदूत चूक-तरंग उठतो. तो दिसला की यंत्र उत्तर फिरवतं. गेल्या सात महिन्यांत एकही तरंग नाही. इतकं अचूक यंत्र आमच्याकडे दुसरं नाही.”

शालिनीताईंनी लेख सावकाश वाचून दाखवला. विश्रामरावांच्या पत्नी सिंधूताई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून डोळे टिपत होत्या. हे तुम्हाला मान्य आहे का, या प्रश्नाला यंत्राने ‘हो’ म्हटलं. तरंग उठला नाही.

शालिनीताईंनी शिक्का हातात घेतला, पण जुनी खोड आड आली. ज्याचं उत्तर ‘नाही’च असलं पाहिजे असा एक उलटा प्रश्न विचारल्याशिवाय सही घ्यायची नाही, ही त्यांच्या गुरूंची शिकवण होती.

“आपलं नाव बळवंत जोग आहे का?”

“हो.”

याही वेळी तरंग नव्हता. डॉक्टरांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. घरची माणसं आजाऱ्याला काय विचारणार? पाणी हवं का, कूस बदलू का, रेडिओ लावू का. उत्तर बहुधा ‘हो’. यंत्र तेच शिकलं आणि पक्कं होयबा झालं. पहिल्या महिन्यात तरंग उठत होते, पण क्षीण. यंत्राने ते किरकोळ समजून सोडून दिले. मग तेही थांबले.

“तरंग चुकीमुळे उठत नसतो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “अपेक्षाभंगामुळे उठतो. हे यंत्र आपलं ऐकत नाही, हे आजाऱ्याला एकदा कळलं की अपेक्षाच उरत नाही.”

“म्हणजे यांनी सांगणं सोडलं,” शालिनीताई म्हणाल्या, “आणि आपण त्याला अचूकपणा म्हणत बसलो.”

यंत्राचं सगळं शिकलेलं पुसून ते पहिल्या दिवसाच्या जुळणीवर परत आणायला तास गेला. मग तोच उलटा प्रश्न पुन्हा विचारला.

“नाही,” यंत्र म्हणालं, आणि पडद्यावर प्रचंड तरंग उसळला. यंत्र उत्तर फिरवणार, तोच डॉक्टरांनी ते थांबवलं. ही चूक नव्हती. आपलं उत्तर ऐकू येताच माणूस दचकला होता.

आणखी दहाबारा प्रश्नांनंतर तरंग निवले. शालिनीताईंनी लेखाबद्दल विचारलं.

“नाही.”

पडदा शांत होता. त्यांनी शिक्का डबीत ठेवला. आता सिंधूताईंना आनंद होईल, असं त्यांना वाटलं. पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

“मी रोज संध्याकाळी विचारायचे,” त्या म्हणाल्या. “फार त्रास होतोय का, सुटायचंय का. ‘हो’ यायचं. म्हणून तर हा कागद केला. सात महिने मी विचारतेय, आणि यांना ते रोज ऐकू येत होतं.”