येते मी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. गेल्या महिन्यातला शनिवार. टळटळीत दुपार. भुतांनीही सुट्टी घ्यावी अशी वेळ.

मावशी गव्हाच्या संशोधन केंद्रात आहे. कोणतं वाण किती थंडी सोसतं, हे तपासायचं तिचं काम. कोवळ्या रोपांचे ट्रे थंड खोलीत ठेवायचे आणि पारा हळूहळू शून्याच्या बराच खाली न्यायचा. खोली म्हणजे जाड पत्र्याची बिनखिडकीची पेटीच. आतून दार उघडायचा दांडा मोडलेला. "सोमवारी करू," असं मशीनवाले काका दर शनिवारी म्हणायचे.

मावशी दाराआड चपला काढून, गमबूट घालून आत गेली. फोन बाहेर टेबलावर. मागच्या रॅकपाशी वाकून ती ट्रे लावत होती.

बाहेरून काकांनी विचारलं, "मॅडम, झालं का? बंद करू?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात...

"हो, करा. येते मी."

आवाज दाराबाहेरून आला.

आणि तो तिचाच होता.

दार लागलं. घरी निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही, 'येते'च म्हणतात. काकांना वाटलं, मॅडम निघाल्या.

मावशीने दार बडवलं. ओरडून ओरडून घसा बसला. मशीनच्या घरघरीत कोण ऐकणार? उद्या रविवार. सोमवारपर्यंत आपण उरत नाही, हे तिला कळून चुकलं. या थंडीचा हिशेब तिच्याहून चांगला कुणाला ठाऊक?

मग घरघर थांबली.

दिवा गेला...

आणि मागच्या रॅकपासून, अगदी शांतपणे...

"येते मी."

हे निरोपाचं 'येते' नव्हतं.

मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. जाणार कुठे? एक ट्रे खरडत सरकला. मग त्याच्या अलीकडचा. मग तिच्या कोपराजवळचा...

"आलेच."

तेवढ्यात दार उघडलं. दारात काका. दार मिटल्यावर चपला उघड्यावर आल्या होत्या. निघता निघता त्या दिसल्या, आणि बाई अनवाणी कशी गेली म्हणून ते परत फिरले.

मावशीला पुढचं आठवत नाही. आता ती हसते, जेवते, मला टोमणेही मारते. जिवावर आलं ते चपलांवर निभावलं, असं आम्ही सगळे म्हणतो.

काल काका भेटले. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत. तुम्हीच तर बाहेर काढलंत."

"काढलं खरं." ते जमिनीकडे बघत होते. "पण आमच्याकडे ट्रे बाहेर काढला की जगला-मेला लगेच ठरवत नाहीत, ताई. मेलेलं रोपही काही दिवस हिरवंच दिसतं."

मावशी सध्या विश्रांतीला आमच्याकडे आहे, माझ्याच खोलीत. काल झोपताना तिने वाकून माझं पांघरूण नीट केलं. तिचा चेहरा अगदी जवळ होता. मी तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला...

बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. म्हणून ऐकू आला नसेल.