आरशातला शेवटचा दिवा

आदल्या संध्याकाळीच गाडी धुऊन, साखळीला तेल देऊन ठेवली होती. सकाळी बहिणीने चहा दिला आणि आम्ही पाच जण आपापल्या मोटारसायकलींवर निघालो. तीन दिवसांची ही सफर इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात डायलिसिसचं यंत्र यावं म्हणून होती. देणगीदारांची अट एकच, निघाले तेवढे सगळे तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत इस्पितळाच्या फाटकातून आत आले पाहिजेत. त्या वॉर्डात माझी भाची होती. पुढे गाडी हाकणारे भावोजी तिचे वडील.

आमच्यात एक नियम होता. सर्वांत मागचा राखण करतो. त्याचा दिवा पुढच्याच्या आरशात दिसत राहिला पाहिजे. दिवा दिसेनासा झाला, तर पुढच्याने परत फिरून त्याला आणायचं. मागचा दमला, की पुढचा कोणीतरी वेग कमी करून त्याच्या मागे जातो आणि दोनदा दिवा लुकलुकवतो. म्हणजे आता शेवटचा तो. दमलेल्याने डावा हात वर केला, की राखण बदलली.

तिसऱ्या दिवशी शेवटचा मी होतो.

"शालकराव, झोप येतेय का?" पेट्रोल भरताना भावोजींनी विचारलं.

"डोळे उघडे आहेत. आत कोणी आहे की नाही, ते तुम्हीच बघा."

ते हसले, पण हसायलाही त्यांना कष्ट पडले.

डोंगराच्या रस्त्याला भर दुपारी धुकं उतरलं. ओल्या पाचोळ्याचा वास येत होता आणि इंजिनाची घरघर कापसात गुंडाळल्यासारखी झाली होती. मनगटं बधिर, पाठीचं लाकूड. मान कलली आणि आरशात दिवा दिसला. एक पिवळट, संथ दिवा... दोनदा लुकलुकला.

वाटलं, आपल्यापैकीच कोणीतरी धुक्यात मागे राहिला असेल. मी सुटल्यासारखा डावा हात वर केला.

उतारावर धुकं विरलं. पुढे चार तांबडे दिवे होते. मी ते पुन्हा पाहिले. चारही आमचेच.

मी आरशात पाहिलं. पिवळा दिवा अजून होता. मग एका वळणावर तो विझला.

नियमाप्रमाणे परत फिरायला हवं होतं. माझा हात ब्रेकवर गेलाही. पण सूर्य मावळतीकडे कलला होता, ऊन फक्त डोंगराच्या माथ्यावर उरलं होतं आणि भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. मी वेग वाढवला.

आम्ही वेळेत पोहोचलो. टाळ्या झाल्या, बहीण रडली, यंत्र आलं. त्या वळणाबद्दल मी कोणाशी बोललो नाही.

आता भाचीची खाट खिडकीपाशी आहे. यंत्र चालू असताना ती बाहेर बघत पडून राहते.

"मामा," काल ती हळू आवाजात म्हणाली, "तो गाडीवरचा माणूस कोणाची वाट बघतोय?"

"कुठला?"

"हेल्मेटवाला. आधी लांब डोंगराकडे दिसायचा. मग पुलावर. आज फाटकाच्या आत आलाय..." तिने काचेवर बोट टेकवलं. "मी हात केला, तर त्याने डावा हात वर केला."