हा आमचाच

थांबाघरात किती माणसांची सोय होईल, एवढंच बघायला ताई गेली होती. संडास किती लागतील, पाण्याचा टँकर फाटकातून आत वळेल का, कुणाला चक्कर आली तर स्ट्रेचर कुठून काढायचं, असली रोकडी कामं. भुताखेताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते. इथे तर सकाळचं स्वच्छ ऊन होतं आणि ताईच्या हातात मोजायची टेप होती.

ताईचा उद्योग जरा जगावेगळा. ती जुन्या काळाचे खेळ भरवायची. नाटक नव्हे, नाटकाला प्रेक्षक असतात. इथे येणारा प्रत्येक जण दोन दिवस त्या काळातलं कुणीतरी होऊन राहायचा, तसलेच कपडे घालायचा, तसंच जेवायचा, तसल्याच खाटेवर झोपायचा. हौसेला मोल नाही म्हणा. यंदाचा खेळ थांबाघरातला. पूर्वी साथीच्या काळात बोटीतून उतरलेल्यांना बंदराजवळच्या या दगडी इमारतीत अडकवून ठेवत. आजार नाही असं ठरलं तरी माणूस आपला आपण बाहेर पडू शकत नसे. नातलगानं फाटकाशी यायचं, पहारेकऱ्यानं खिडकीतून विचारायचं, "हा तुमचा का?" आणि नातलगानं म्हणायचं, "हो, हा आमचाच." मग दार उघडे.

शेवटच्या खोलीतल्या एका खलाशाला न्यायला कोणी आलंच नाही म्हणे. ऐकीव गोष्ट, पण ताईच्या मनात ती घर करून बसली. तिनं खलाशाची भूमिका लिहिली आणि त्याला न्यायला बहीण येते असं ठरवून टाकलं. खेळात का होईना, बिचाऱ्याची सुटका होऊ दे, एवढाच तिचा हेतू.

एरवी ताई गरीब गाय, पण दोन नियमांबाबत कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. एक म्हणजे खेळात कुणाला खरंच त्रास झाला तर त्यानं लाकडावर तीनदा ठोकायचं. ऐकणाऱ्यानं खेळ जागच्या जागी थांबवायचा. दुसरा नियम उतरवण्याचा. खेळ संपला की प्रत्येकाला समोर बसवायचं, अंगावरची खेळातली वस्तू काढून घ्यायची, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "तू कोण?" त्यानं स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय घरी सोडायचं नाही. दोन दिवस दुसऱ्याच्या कातडीत राहिलेला माणूस तसाच गेला तर लवकर ताळ्यावर येत नाही, हे तिनं पाहिलं होतं.

त्या सकाळी चौघं होती. ताई, खाटा बनवणारा सुतार, औषधपाणी बघणारी नर्स आणि ताईचा धाकटा भाऊ ढब्बू. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. आता नुसता काडी झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. वडील गेल्यापासून, आई असली तरी, ताईनंच त्याला वाढवला. जीव की प्राण.

"ताई, मला राजा कधी करणार तू?" खलाशाचा लोकरी कोट अंगात चढवत तो म्हणाला. "दर वेळी आपला मेलेला नाहीतर मरायला टेकलेला."

"राजाला बसून खायचं असतं. ते तू घरी करतोसच की."

"बघा नर्सबाई, सख्खी बहीण आहे ही."

नर्सचं म्हणणं, बोळ अरुंद आहे, शेवटच्या खोलीतून फाटकापर्यंत माणूस सरळ येतो का ते एकदा चालून बघू. मग ताई म्हणाली, करायचंच तर नीट करू. ढब्बू बूट काढून खाटेवर आडवा झाला. नर्स बोळाच्या तोंडाशी उभी राहिली, सुतार पहारेकरी होऊन खिडकीशी, आणि ताई फाटकाबाहेर.

"कोण पाहिजे?" सुतारानं उसना आवाज काढला.

"खलाशी. माझा भाऊ आहे."

आत काही हाललं नाही. मग बोळातून पावलं आली. अनवाणी, सावकाश, मधेच थबकणारी. चालायची सवय मोडलेला माणूस चालतो तशी. खिडकीतून वास आला, फिनेलचा आणि त्याखाली ओल्या दोरखंडाचा. ढब्बू इतका सुरेख कधीपासून करायला लागला, असं ताईला वाटलं. तिला अभिमानच वाटला.

"हा तुमचा का?"

"हो," ताई म्हणाली, "हा आमचाच."

दार उघडलं. तो बाहेर आला, उंबऱ्याशी थांबला आणि आभाळाकडे बघत राहिला.

"उतरवायचं का याला?" नर्सनं विचारलं.

ताई टेप गुंडाळत होती. "आज कुठे खेळ होता? आज नुसती मापं."

तिथेच माती झाली.

नर्सनं बूट आणून दिले. तो नाड्यांकडे बघत बसला, शेवटी ताईनंच बांधल्या. परतताना टेम्पोत तो एक शब्द बोलला नाही. नाहीतर ढब्बूचं तोंड कधी बंद नसायचं. घरी आई खूश. पोरानं ताट चाटूनपुसून खाल्लं, स्वतःच विसळलं, अंथरुणाची वळकटी केली आणि ती दाराशी ठेवून शेजारी बसला. "शहाणा झाला गं," आई म्हणाली. ताई मात्र त्या वळकटीकडे बघत राहिली. कुणीतरी न्यायला येईल म्हणून तयार बसलेला माणूस होता तो.

तिनं त्याला समोर बसवलं. कोट काढून घेतला. पाणी दिलं.

"तू कोण?"

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे ढब्बूचेच, पण त्यांत ओळख नव्हती, नुसती कृतज्ञता होती.

"तुमचाच," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना... फाटकाशी."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन थांबाघराशी गेली. कुलूप काढायच्या आधीच आवाज आला. ठक, ठक, ठक. लाकडावर, आतून. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक, ठक. नियम तिनंच केलेला, तिनंच ढब्बूला शिकवलेला. ती धावत आत गेली. शेवटच्या खोलीत खाट रिकामी होती. तिनं खाटेवर हात ठेवला, तर ठोकणं हाताखालून आलं. लाकूड थरथरत होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

"ढब्बू, मी आहे रे... ताई आहे."

ठोकणं वाढलं. मग एकदम तिला उमगलं. इथून माणूस बाहेर कसा काढतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती आल्या पावली फाटकाबाहेर आली, खिडकीला तोंड लावलं. तो मागे, उन्हात, मुकाट उभा होता.

"ढब्बू! तुझी ताई आलीये. बाहेर ये."

आत पावलं उठली. धावत येणारी, ढब्बूची, जिना उतरताना घर हलवणारी तीच पावलं. बोळ ओलांडून खिडकीकडे, अगदी जवळ. ताईनं "हा आमचाच" म्हणायला तोंड उघडलं.

"ओ," तिच्या मागून आवाज आला. तिच्या भावाचा, मोकळा, हसरा आवाज. "इथेच तर आहे मी, ताई. कुणाला हाका मारतेस तू?"

आतली पावलं थांबली. हाकेला बाहेरून ओ गेली, तेव्हा आतल्याला न्यायला कुणी उरलंच नाही.

ती कितीतरी वेळ हाका मारत राहिली. दर हाकेला मागून ओ मिळत गेली.

तिनं कुणाला सांगितलं नसेल असं समजू नका. सांगितलं. नर्स म्हणाली, दमली आहेस, झोप काढ. सुतारानं नजर चुकवली. आणि तो तर आता थट्टाही करायला लागला होता, ढब्बूच्याच थट्टा, शब्दाला शब्द तशाच. आई म्हणाली, भावाबद्दल असं बोलवतं तरी कसं तुला. शेवटी ताईनं खेळ होऊ दिला. इतकी माणसं ये-जा करतील, फाटक सारखं उघडेल, कुणाच्या तरी पाठोपाठ निघेल ढब्बू. ही एकच वेडी आशा.

कसलं काय. खेळ धड झालाच नाही. रंगात आला की कुठूनतरी तीन ठोके पडायचे, नियमाप्रमाणे सगळे थांबायचे, शोधायचे आणि कुणालाच काही झालेलं नसायचं. पुन्हा सुरू, पुन्हा ठोके. लोक वैतागून गेले. थांबाघरातून सगळे बाहेर पडले, आणि ताई एकेकाच्या पावलांत ढब्बूची चाल शोधत फाटकाशी उभी होती. ती कुणाचीच नव्हती.

नंतर नेहमीप्रमाणे पुढच्या खेळाच्या तयारीची बैठक झाली, ताईच्याच घरी, जेवणाच्या टेबलाभोवती. ठोके सोडले तर जागा सगळ्यांना आवडली होती, म्हणून पुन्हा तिथेच करायचं ठरत होतं.

"ते ठोकण्याचं बंद करू या," नर्स म्हणाली. "कुणीतरी वात्रटपणा करतंय. शिट्टी ठेवू त्याऐवजी. ठोके ऐकू आले तरी लक्ष द्यायचं नाही. ताई, चालेल ना?"

"नको," ताई म्हणाली. "पाया पडते, तेवढं नको."

तिच्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटत होतं.

"ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा," सुतार म्हणाला.

पहिला हात तिच्या शेजारून वर गेला. तो तिच्याकडे बघून प्रेमानं हसला. मग एकेक करत सगळे हात वर झाले.

ताई त्याच्या हाताकडे बघत होती. आता ढब्बूसारखाच घरात बसून खाणारा तो, काडीचं काम न करणारा. पण त्याच्या बोटांची पेरं लाकडावर ठोकून ठोकून सोलावीत तशी सोलून निघाली होती, ओली, ताजी, आणि त्यांत लाकडाची बारीक कुसळं रुतली होती. त्याचंही लक्ष तिकडे गेलं. त्यानं नवल वाटल्यासारखा तो हात क्षणभर न्याहाळला आणि टेबलाखाली नेला.