वाटीभर विरजण

ठोंब्या उद्या दुपारी बारा वाजता बंद पडणार होता आणि त्याच्यात बिघाड मात्र काहीच नव्हता.

ठोंब्या म्हणजे मृण्मयीच्या मिरजेच्या घरातला यंत्रमानव. सात वर्षं तो रोज तिला दारात अडवून विचारी, "चष्मा कुठाय?"

"धडधाकट आहे, तरी बंद का पडणार?" मृण्मयीने आत्याआजीला विचारलं. बाबांची ही आत्या संगणकशास्त्रज्ञ होती.

"त्याची कार्यप्रणाली (यंत्राच्या सगळ्या भागांकडून कामं करून घेणारी मूळ आज्ञावली) कंपनी काढून घेतेय. पूर्वी ती एकदाच विकायची. मग रोज नवं गिऱ्हाईक कुठून आणणार? म्हणून वर्षाची वर्गणी लावली. आता म्हणते, जुना टाका, नवा घ्या."

"मग?"

"मग विरजण घालू."

"दह्याचं?"

"नाव आहे ते! हजारो जणांनी मिळून लिहिलेली कार्यप्रणाली. कोणीही घ्यावी, सुधारावी, पुढे द्यावी. फुकट."

मृण्मयीने नाक मुरडलं. "फुकट? मग लिहिणारे खातात काय?"

"अगं शहाणे, आपल्या गल्लीत विरजण कधी कुणी विकलंय? पण कोपऱ्यावरच्या ताम्हनकरांनी श्रीखंडावर बंगला बांधला. तसंच हे. प्रणाली फुकट, कमाई देखभालीची. काहीजण मात्र फुकट देऊन तुझं बोलणं ऐकतात आणि जाहिराती दाखवतात. म्हणून 'फुकट का?' हे विचारायचंच."

मृण्मयी हळूच म्हणाली, "तो मला विसरला तर?"

"आठवणींचा कप्पा वेगळा असतो. कारभारी बदलला म्हणून कपाटातले फोटो जात नाहीत. तरी आधी प्रत काढू. नुसत्या भरवशावर राहू नये."

प्रत काढली आणि विरजण घातलं. ठोंब्याचे डोळे विझले. वीस मिनिटं मृण्मयी नखं खात बसली. मग डोळे उजळले.

"ठोंब्या, मी कोण?"

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चष्मा पुन्हा विसरलीस ना?"

मृण्मयीने त्याच्या पत्र्याच्या गळ्यात हात टाकले. इतक्या आनंदाने तिने कुणाची बोलणी कधी खाल्ली नव्हती.

तिची मैत्रीण शिवलीला हिरेमठ हिच्या घरचा यंत्रमानव वर्गणी संपल्याने महिनाभर बंदच होता; त्याच्यावर कपडे वाळत घालत. मृण्मयीने विरजणाची प्रत एका चकतीत भरली, चकती वाटीत ठेवली आणि वाटी त्यांच्याकडे नेऊन दिली.

त्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केलं : जुन्या यंत्रमानवांना आणखी पाच वर्षं प्रणाली मिळेल.

"एवढी दया कशी आली?" मृण्मयीने विचारलं.

"दया नव्हे, स्पर्धा," आत्याआजी म्हणाली. "गिऱ्हाइकाला दुसरं दार दिसलं की पहिल्या दारातला माणूस गोड बोलू लागतो."

रविवारी शिवलीला वाटी परत घेऊन आली. वाटीत चकती होतीच.

"अगं, ती तुलाच दिली होती!"

"रिकामी वाटी परत करायची नाही म्हणते आमची अव्वा. दादानं त्यात थोडी भर घातलीय. लाव तर."

मृण्मयीने चकती लावली. ठोंब्याने मान वळवली आणि ठसक्यात विचारलं, "कन्नडक एल्ली?"

"काय म्हणतोय हा?"

शिवलीला हसून हसून खाली बसली. "कानडीत विचारतोय. चष्मा कुठाय?"